मुठीत चार अंश

"अगं ताई, चालू झालंय ना? मग आता खुसपट कशाला काढतेस?"

"चालू झालंय ते दिसतंय. कसं झालं, ते सांग."

"जुन्या सिस्टिमवरची लायब्ररी उचलून नव्या सिस्टिमवर ठेवली. प्रोग्रॅम तिला भलत्याच नावाने हाका मारत होता, म्हणून नाव बदललं. संपलं. दोन्ही सिस्टिम सख्ख्या बहिणी तर आहेत."

"सख्ख्या बहिणींच्या चपला तरी एकमेकींना होतात का रे?"

आत्या आणि बाबा, दोघांची मिळून ही दोन खोल्यांची कंपनी. टेबलावरचं यंत्र रक्तपेढीच्या फ्रीजवर पहारा ठेवणार होतं. आत गरम झालं की त्याने बोंब मारायची, एवढंच त्याचं काम. ही लायब्ररी म्हणजे सेन्सरकडून तापमान घेऊन प्रोग्रॅमच्या हातात देणारा तयार तुकडा. यंत्र न्यायला रक्तपेढीची गाडी खाली येऊन उभी होती.

ऑफिसात आत्याला सगळे 'पंचनामा' म्हणतात. एखादी गोष्ट बिघडली की तिला राग येत नाही. बिघाड आपोआप गेला की मात्र येतो. घरची बेल वर्षभर मुकी आहे, कारण मूळ सापडल्याशिवाय ती कुणाला हात लावू देत नाही. पाहुणे दार बडवतात. तिच्या या शोधापायी दोन गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली, तेही खरं. बाबांची रीत उलटी. आधी चापट मारायची, चाललं तर बिल पाठवायचं.

"पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती ना? कुठे गेली?"

"ती जरा भलतंच वर्ष दाखवत होती. काढून टाकली. फ्रीजला तारीख हवी कशाला?"

आत्याने सेन्सर उचलून मुठीत गच्च धरला. बराच वेळ.

"वाच आता."

"चार अंश. बघ, ठणठणीत."

"माझी मूठ चार अंशांवर असती, तर खाली मला न्यायला गाडी आली असती."

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग मुठीकडे. चार. हिरवा दिवा. इतका निरोगी फ्रीज त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"जुन्या सिस्टिमवर तारखेला मेमरीत चार घरं, नव्या सिस्टिमवर आठ," आत्या म्हणाली. "लायब्ररी जुन्या हिशेबाने भरते, प्रोग्रॅम नव्या हिशेबाने वाचतो. खरं तापमान तारखेच्या घरात घुसलं, म्हणून वर्ष वेडंवाकडं. आणि तापमानाच्या जागी दिसतंय ते त्याच्या पुढच्या घरातलं, फ्रीजला नेमून दिलेलं तापमान. आत रक्त उकळलं तरी चारच दिसणार."

"म्हणजे लायब्ररी इथे नव्याने बांधायची."

"हो."

"आणि तुझ्या हातात पडली की..." बाबांना मुकी बेल आठवली असावी. खाली हॉर्न वाजला. "ताई, खाली माणूस थांबलाय गं. त्याला तारीख कोणती सांगू?"

आत्याने पडद्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे एकवार पाहिलं, वायर उपसली, यंत्र काखेत मारलं आणि आतल्या खोलीत निघून गेली.