गावित मॅडमची पट्टी

गावित मॅडमनी पहिल्या तासाला फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. टेबलावर शेगडी ठेवली, तिच्यावर भाकरीचा तवा चढवला आणि पाणी शिंपडलं. आधी थेंब चर्रकन आटायचे. तवा फारच तापला तसे ते आटेचनात, नुसते इकडेतिकडे पळू लागले. "थेंबाखाली वाफ आली," मॅडम म्हणाल्या. "आता पाणी तव्याला शिवत नाही, म्हणून तवा निवत नाही." आम्ही पोरी जन्मभर तवे तापवत आलेल्या, पण यालाही शास्त्र म्हणतात, हे नंदुरबारच्या त्या कॉलेजात कळलं.

मॅडम नवापूरकडच्या डोंगरातल्या. घरी आदिवासींची कोकणी, वर्गात पुस्तकी मराठी आणि प्रयोगशाळेत आमच्याशी अहिराणी. अहिराणी त्या इथल्या भाजीबाजारात शिकल्या. बोलणं मोजकं, चहा मात्र अमाप.

मी जवळच्याच ब्राह्मणपुरी गावची. एम.टेक.ला त्यांच्याच हाताखाली आले. तांब्याच्या पट्टीत केसासारख्या बारीक खाचा असायच्या. पट्टी खालून तापवायची आणि खाचांतून पाणी सोडायचं. ते उकळत जाताना उष्णता घेऊन जातं. कॉम्प्युटरच्या चिपा अशाही थंड ठेवता येतात. पण उष्णता एका हद्दीपलीकडे गेली, की खाच वाफेनं भरते, तिच्या भिंती कोरड्या पडतात आणि पट्टी क्षणात जळून वाया जाते. ती हद्द शोधणं हाच माझा प्रबंध. दोन पट्ट्या गेल्या. एकदा पंप बंद पडला, एकदा तापमापक निसटला. सुरतेहून तिसरी येईपर्यंत मुदत संपणार होती, आणि घरचे तर "आता पुरे" म्हणायला टपलेलेच होते.

मॅडमनी कपाटातून स्वतःची पट्टी काढली. ती त्यांच्या अजून चालू असलेल्या पीएच.डी.ची. कोरून घेण्यासाठी त्यांनी किती खेटे घातले होते, ते मी पाहिलं होतं.

"मॅडम, हाई तुमनी शे," मी म्हणाले.

"मन्ही शे, म्हनीसन तर तुले देस."

हद्द जवळ आली तसा माझा हात उष्णता वाढवायच्या बटणावर अडला. तिथं थांबले असते तर पट्टी वाचली असती.

"हद्द कोठे शे हाई देखानं व्हई, ते हद्दवर जानंच पडस," त्या म्हणाल्या. "जयनी ते जयनी."

जळलीच. आकडा मिळाला, पण अपेक्षेपेक्षा बराच कमी. मी हिरमुसले. मॅडम चहा ओतत होत्या. "कमी शे, पन खरा शे," एवढंच म्हणाल्या.

त्या आकड्यावर मला पदवी मिळाली, पुण्यात नोकरी लागली. मॅडमचं काम मात्र रखडत गेलं. नवी पट्टी, नव्या परवानग्या, मध्येच सासूबाईंचं आजारपण. गेल्या वर्षी एकदाची त्यांची तोंडी परीक्षा ठरली. मी रजा टाकून गेले. परीक्षकांनी जरा खोचकपणेच विचारलं, "एवढी वर्षं का लागली?"

"पट्टी जळली होती, सर," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या आलेखाकडे वळल्या.

कोणासाठी जळली, ते त्यांनी सांगितलं नाही. मागच्या बाकावर बसून मी रडले, आणि ते कोणापासून लपवावंसं मला वाटलं नाही.