रविवारची विहीर

सून कॉलेजात काय शिकवायची ते मला कधी नीट सांगता आलं नाही. कुणी विचारलं तर मी जमीन, पाणी, हवा असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेई. माझी शाळा चौथीपर्यंत. ती मात्र रोज सांगायची. कॉलेजातून आली की पायऱ्यांवरच चपला काढता काढता सुरू. मी ऐकायची. ऐकायला मला आवडतं, बोलायला जमत नाही.

हे, म्हणजे माझे यजमान, तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी कारखान्यात होते. ते गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही अंबत्तूरला माडीवर भाड्याने राहायला आलो. खाली घरमालकीण एकट्याच, इकडच्या रीतीने आम्ही त्यांना मामी म्हणायचो. मुलगा गिंडीला एका छोट्या कारखान्यात, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सून तंजावरकडची मराठी. तिची मराठी आमच्या पणजीच्या वेळची, त्यात तमिळ शब्द पेरलेले. लग्न झालं तेव्हा मला हसू यायचं. नंतर माझ्याच बोलण्यात ‘बरं’च्या जागी ‘सरि’ येऊ लागलं.

तिची नोकरी तात्पुरती होती. दर एप्रिलला कॉलेज ठरवायचं की हिला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही. या खेपेला कायम करतील असं विभागातल्या मोठ्या मॅडम म्हणाल्या होत्या, पण त्याआधी बाहेरून एक प्राध्यापक येऊन तिच्या वर्गाचं काम बघणार होते. घरात सगळं त्या दिवसावर टेकलं होतं. मूलबाळसुद्धा नोकरी पक्की झाल्यावर, असं दोघांनी ठरवून ठेवलं होतं. मी विचारत नसे.

ते वर्ष पाण्याचं फार वाईट गेलं. पाऊस चुकला होता. सरकारी नळ नावालाच, विहिरीचं पाणी मोटारीने वर यायचं पण पुरायचं नाही. पाण्याची लॉरी कोपऱ्यावर यायची, तिचा हॉर्न वाजला की हातातली पोळी तव्यावर टाकून पळायचं. प्लॅस्टिकचे रंगीत कुडम, म्हणजे घागरी, रांगेत लावून ठेवायचे आणि त्यांच्याजवळ बसायचं, नाहीतर कुणीतरी मागे सरकवायचं. भरलेला कुडम कमरेवर घेऊन माडी चढताना माझे गुडघे बोलायचे. रात्री पडले की अंग गादीला लागायचं आणि तरी झोप यायची नाही.

पुस्तकात कुठल्या परदेशातल्या नदीचे आकडे होते. मुली ते पाठ करून परीक्षेत लिहायच्या. सून म्हणाली, घराघरात विहिरी आहेत, पाणी सगळ्यांच्या डोक्यावर बसलंय, तर आकडेही घरचेच घेऊ. डिसेंबरपासून प्रत्येक मुलीने दर रविवारी सकाळी आपल्या घरची विहीर मोजायची असं ठरलं. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, टेपवर खडू घासायचा आणि टेप आत सोडायचा. जिथपर्यंत खडू भिजला तिथे पाणी. काठापासून पाणी किती खाली आहे ते लिहायचं. सोबत हवामान खात्याकडचे पावसाचे आकडे. सगळं कॉलेजातल्या कॉम्प्युटरमध्ये घालून मुली रेघा काढायच्या.

आमच्या मामींची विहीरही तिने घेतली. रविवारी तिला शिकवण्या असत, त्यामुळे मोजायचं माझ्याकडे आलं. खाली अंगणात उभं राहून विहिरीत टेप सोडायची मला लाज वाटे. रस्त्यावरून जाणारा थांबून बघे. मी पदर घेऊन भराभर मोजायची आणि वर येऊन सुनेला आकडा सांगायची. आकडा वाढला की पाणी कमी झालं, हे डोक्यात बसायला मला वेळ लागला.

फेब्रुवारीत तिने वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला. कुणाच्या घरी पाणी किती खोल, ते एकाखाली एक, वरच्या पाण्यापासून तळच्या पाण्यापर्यंत. प्रत्येक विहिरीसमोर त्या मुलीचं नाव. आमच्या विहिरीसमोर तिचं स्वतःचं. तिला वाटलं मुलींना एका नजरेत सगळं दिसेल. मुलींना ते दिसलंच, पण निकाल लावतात तसं दिसलं. कोण पहिली, कोण शेवटून दुसरी.

आमच्या गल्लीतली एक मुलगी त्या वर्गात होती. तिने घरी सांगितलं, तिच्या आईने मामींना. शेवटून दुसरी आमची विहीर होती.

मामी त्या दिवशी वर आल्या. एरवी त्या वर येत नसत. माझं तमिळ मोडकंतोडकं, पण त्यांचं मला सगळं कळलं. ही विहीर त्यांच्या सासऱ्यांनी खणून घेतली होती, एके काळी अर्धी गल्ली इथून पाणी नेई, आणि आता कॉलेजच्या भिंतीवर तिची अशी अब्रू निघावी? त्या भांडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, मी दिलेलं ताक प्यायल्या आणि गेल्या. ते भांडणापेक्षा जड वाटलं.

त्यानंतर शनिवारी दुपारपासून त्या मोटार लावेनाशा झाल्या. विहिरीला रात्रभर पाझर मिळायचा, रविवारी सकाळी पाणी थोडं वर दिसायचं. मी टेप सोडत असले की त्या दारात उभ्या राहून विचारायच्या, “किती, मामी?” मलाही त्या मामीच म्हणत. मी सांगितलं की मान हलवायच्या. आम्हाला शनिवारी संध्याकाळी वर नळाला पाणी नसायचं, ते मी लॉरीच्या पाण्यावर भागवायची. मार्चमध्ये एका शनिवारी मी कुडम घेऊन खाली उभी असताना पाण्याची लॉरी थेट आमच्या फाटकाशी आली. मामींनी तिचा पाइप विहिरीत सोडायला लावला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, पाहुणे यायचे तर घर झाडून ठेवतोच ना आपण? आणि सुनेला सांगायचं काही कारण नाही, असंही म्हणाल्या.

मला ते पटलं. खरंच पटलं. विहिरीत पाणी किती आहे ते मोजायचं, आणि पाणी तर होतं.

इकडे सून मात्र हरखली होती. पाऊस नाही, ऊन वाढतंय आणि विहिरी वर येतायत. एकच नाही, वर्गातल्या बहुतेक. ती कागद जमिनीवर पसरून बसायची. रेघ फेब्रुवारीपर्यंत उतरत गेलेली, मग चढू लागलेली. जवळच्या तळ्याच्या बाजूने जमिनीखालून पाणी सरकत असेल, किंवा जुने पाइप फुटून झिरपत असेल, असं काहीबाही सांगायची. मुलीही पेटल्या होत्या. मोठ्या मॅडमनी तिला म्हटलं, हे तुम्ही बाहेरच्या प्राध्यापकांना दाखवाच. इतक्या महिन्यांत तिला मी इतकी हलकी चालताना पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी भाजी निवडताना ती मला समजावत होती. विहिरीत वरून काही पडलेलं नाही, म्हणजे पाणी जमिनीतूनच आलं असणार, बाकी सगळं त्यावर उभं आहे, असं म्हणाली. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तेव्हा मला समजलं की मामींनी लॉरीचं पाणी ओतलं ते नुसतं घर झाडणं नव्हतं.

मी त्या संध्याकाळी काही बोलले नाही. बोललं तर मामींचा शब्द मोडणार, आणि आम्ही त्यांच्याच घरात राहतो. न बोललं तर ही त्या प्राध्यापकांसमोर उभी राहून सांगणार आणि तो शिकलेला माणूस विचारणार, पाणी आलं कुठून. किंवा विचारणारही नाही, वाहवा करेल, आणि नोकरी पक्की होईल. हेही माझ्या मनात आलं. फार वेळ राहिलं.

सकाळी ती बससाठी निघाली, पायात चपला घालत होती. मी दाराशी गेले.

“अगं, त्या विहिरीत मामींनी लॉरी ओतली होती.”

“कधी?”

“मार्चात. आणि शनिवारी त्या मोटार लावत नाहीत. तुझ्या कागदावर विहीर खाली लागली ना, तेव्हापासून.”

ती पायरीवर बसली. मला वाटलं रडेल. तिने एकदा खाली मामींच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, “अय्यो आई, बाकीच्या घरी पण मामीच आहेत.” मग उठली आणि डबा न घेताच गेली.

वर्गात तिने प्रत्येकीला घरचं विचारलं. मग एकीने सांगितलं, आमची पाट्टी, म्हणजे आजी, शनिवारी कुणाला आंघोळ करू देत नाही. वर्ग हसला, आणि मग बांध फुटल्यासारखं झालं. कुणाची आई शनिवारी धुणं काढत नव्हती. कुणाचे वडील शेजारच्या विहिरीतून पाणी आणून टाकत होते. एका घरी तर टेप सोडायच्या आधी विहिरीला हळदकुंकू लावायला सुरुवात झाली होती. कुणी खोटा आकडा लिहिला नव्हता. प्रत्येकीने जे दिसलं तेच लिहिलं होतं.

मोठ्या मॅडमनी सुचवलं की विहिरी बाजूला ठेवा, नुसते पावसाचे आकडे दाखवा, तेही खरेच आहेत. वेळ थोडा होता. मुलगा म्हणाला, त्या म्हणतात तसं कर. ती जेवताना एकाच घासाशी खेळत बसली होती.

तिने चढणारी रेघ जशी होती तशी दाखवली आणि ती का चढली ते सांगितलं. भिंतीवरचा कागद आपणच लावला, हेही सांगितलं. मुलींनी उठून आपापल्या घरचं सांगितलं. हे सगळं मला तिनेच नंतर, मोरीत पाणी भरताना सांगितलं. प्राध्यापक खूप हसले म्हणे. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे तुमच्या मुलींनी इतके महिने काय मोजलं? आयांची लाज?” सून म्हणाली, हो सर, त्यांनी पाणी मोजलंच नाही, पण आता आकडा लिहिण्याआधी मोटार कधी लावली होती ते त्या विचारतात. त्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते चहाला गेले.

एप्रिलच्या शेवटी कॉलेजने तिला ठेवलं नाही. पुढच्या वर्षी तो विषय दुसऱ्या विषयात मिळवतोय, असं कारण दिलं. ते खरं असेलही. मोठ्या मॅडम तिच्याशी गोड बोलल्या, फाटकापर्यंत सोडायला आल्या.

मामींनी मला विहिरीपाशी गाठून विचारलं, आमची विहीर कितवी आली? मी म्हटलं, बरी आली. त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून शनिवारी मोटार पुन्हा सुरू झाली आणि वरच्या नळाला पाणी येऊ लागलं. मी त्या पाण्याने साठलेलं सगळं धुणं काढलं.

जूनमध्ये सून आमच्याच भागातल्या एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात लागली. परदेशातल्या कुठल्याशा दवाखान्यांची बिलं तपासायची. पगार कॉलेजपेक्षा जास्त. मुलगा खूश होता. ती बसमधून उतरून यायची, पायऱ्यांवर चपला काढायची आणि सरळ आत जायची. मला सांगण्यासारखं काही नसायचं तिच्याकडे. विचारलं तर म्हणायची, परवाइल्ले आई, ठीक आहे, काम आहे आपलं.

एकदा मीच धीर केला. पोळ्या लाटत होते, तिच्याकडे पाठ होती म्हणून जमलं. म्हटलं, मी ते सांगितलं नसतं तर नोकरी राहिली असती का तुझी?

“राहिली असती बहुतेक,” ती म्हणाली.

मी लाटत राहिले. तिने तव्यावरची पोळी उलटली.

“पण मग मी पुढच्या वर्षी जमिनीतून पाणी आलं असंच शिकवलं असतं, आई. त्याच्या पुढच्या वर्षी पण.”

तिने ते रागाने म्हटलं नाही, समाधानानेही नाही. दमलेला माणूस बोलतो तसं म्हटलं. पुढची पोळी मी तिच्याकडे दिली आणि तिने ती तव्यावर टाकली.