सगुणाच्या काचेतल्या सवती

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या सगुणानं भिंतीपलीकडचं भांडण ऐकलं. सासू धोंडुबाई लेकाला झाडत होती.

"कान्हू, घरात बायको आलीय ना रे? मग शिफ्टवरनं आल्या आल्या त्या पेटीपुढं काय बसतोस मेल्या?"

"मासे बघून डोकं थंड होतं, आये."

"नि बायको बघून?"

यावर कान्हूनं पाट पेटीच्या आणखी जवळ ओढल्याचा आवाज आला. तो आवाजच सगुणाच्या मनात जाऊन बसला.

घर खांब गावात, कान्हू रोह्याला कंपनीत. तिथं साहेबाच्या खोलीत त्यानं मासे ठेवायची काचेची पेटी पाहिली आणि याच्या डोक्यात किडा शिरला. पेणला फोटोंना काचा बसवणाऱ्याकडून तशीच पेटी करवून घेतली आणि त्यात गावाबाहेरच्या वहाळाच्या पाण्यातले मळ्ये आणून सोडले. बोटाएवढे, बारीक मिशांचे मातकट मासे. दगडाला ओठ लावून शेवाळ खरवडायचं, एवढाच त्यांचा धंदा. घरातल्या अंधारात दगडाला शेवाळ धरत नसे. म्हणून कान्हू दर रविवारी वहाळावर जाई, खाऊन साफ झालेले दगड तिथं ठेवी आणि हिरवे घेऊन येई.

"सवत नसलेलं घर बघून आईनं दिली गो मला," सगुणा शेजारच्या मैनाला सांगे, "नि हितं बघ, पेटीभर सवती. त्यापण मिशीवाल्या."

गौरीच्या सणाला तिनं समया घासल्या, तांबे घासले, आणि त्याच राखेनं, त्याच नारळाच्या शेंडीनं पेटीतले दगडही लखलखीत केले. पाहुणे येणार म्हणून, असं ती म्हणाली खरी, पण दगडावर हात समईपेक्षा जोरात चालला होता. सण सरेपर्यंत मळ्यांची पोटं खपाटीला गेली. दगडाला ओठ लावायचे आणि सोडून द्यायचे. सगुणा घाबरली. तिनं मूठभर भात टाकला, तर पाणी नासलं आणि दोन मासे उलटे तरंगले.

आता हा आपल्याला माहेरी धाडतो, या धसक्यानं ती दाराआड उभी राहिली. कान्हूनं पाणी बदललं.

"दगड रागानं घासलेस व्हय गो?"

"निम्मे रागानं."

"नि निम्मे?"

"निम्मे बरे दिसावेत म्हणून."

त्याला हसू आलं. "रविवारी चल माझ्यासंगं. दगड कंचा घ्यायचा ता दावतो."

त्या रविवारी तो वाटभर बोलला. बोलला माशांविषयीच, पण तिच्याशी बोलला. मग सगुणानं वहाळाचा रविवार कधी चुकवला नाही. मत्सर मात्र जागच्या जागी राहिला. कान्हूनं एखाद्या मळ्याला 'बाळ्या' म्हटलं की तव्यावरची भाकरी हमखास करपे.

पुढं धोंडुबाई गेली, पेटीतले मासे मरत आणि नवे येत राहिले, कान्हू रिटायर झाला. त्याचे गुडघे गेले तेव्हा सगुणा एकटीच वहाळावर जाऊ लागली. परतताना वळणावरूनच तिला ओटीवरची त्याची ताणलेली मान दिसे. बरं वाटे, आणि लगेच संशय येई: वाट माझी बघतोय की दगडांची? विचारण्यात काय हशील! ती पिशवी पाठीमागं धरून समोर उभी राही. "आणलेस?" करत तो इकडंतिकडं बघे, पण ती ढिम्म हलत नसे. शेवटी त्याला मान वर करून तिच्या तोंडाकडे बघावंच लागे. मगच पिशवी पुढं येई.

शेवटची खेप तिनं कार्तिकात केली. अंगात कणकण होती, म्हणून दोनच दगड आणले. येऊन पिशवी पाठीशी धरून उभी राहिली.

"आणलेस?"

या खेपेला त्याची नजर पिशवी शोधत फिरली नाही.

कान्हूनं वर बघितलं. "दमलीस गो. बस जरा."

तिनं पिशवी पुढं केली, दगड पेटीत ठेवले आणि सवतींना एक शिवी हासडून चहा टाकायला आत गेली.