दोनदा मोजलेली धूळ

त्या मंगळवारी लीड्समधल्या आमच्या ऑफिसात स्क्रीनवर मला माझ्याच कामातली एक मोठी चूक दिसली. शुक्रवारी माझा पेपर जर्नलला जायचा होता. तीन वर्षांचं काम होतं आणि पुढची नोकरीही त्याच्यावरच ठरणार होती.

हवेतला कण न् कण मोजणं हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलला झेपत नाही. म्हणून समुद्राचं मीठ, वाळवंटातली धूळ, धूर अशा कायम तरंगणाऱ्या कणांचा महिनावार एक ठरलेला तक्ता असतो. जमिनीपर्यंत ऊन किती पोचेल हे मॉडेल त्यावरून काढतं. आमचं नवं मॉडेल मात्र धुळीसकट हे सगळे कण स्वतःच उडवतं आणि वाऱ्याबरोबर वाहून नेतं. तेव्हा जुना तक्ता बंद ठेवायचा, इतकी साधी सेटिंग. तो चालूच होता, म्हणजे धूळ दोनदा मोजली जात होती! एकाच आमटीत दोघींनी मीठ टाकावं, तसली गत. भारतावरचं ऊन सगळे सांगतात त्याहून खूप जास्त घटतंय, हा माझा मोठा शोध. तक्ता बंद करून मॉडेल थोड्या काळापुरतं पुन्हा चालवलं. दुपारपर्यंत शोध गायब झाला होता.

माझं डोकं फिरलं. सेटिंगची फाइल मला माझ्या मैत्रिणीकडून मिळाली होती. ती नागपूरची, माझ्या आधी याच टेबलावर काम करायची, आता एडिनबराला असते. आमच्याकडे या फाइली अशाच हातोहात जातात. चालतंय ना, मग हात लावू नका.

फोन लावला आणि तिने हॅलो म्हणायच्या आत मी सुरू झाले.

"तुझ्या फाइलने माझं वाटोळं केलं! एक सेटिंग चेक करता आली नाही तुला?"

"तू एकदा हिस्ट्री बघ," एवढंच ती म्हणाली.

कोणी, कधी, काय बदललं याची नोंद म्हणजे हिस्ट्री. तिने तक्ता बंद करून ठेवला होता. मी रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तो चालू केला होता. कोणी? मीच. शेजारी कारणही मीच लिहिलेलं: पहिल्या टेस्टमध्ये हवा रिकामी दिसते. नव्या मॉडेलची हवा कणांनी भरायला वेळ लागतो, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, ते मी करून दाखवलं. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

पुन्हा फोन केला, माफी मागितली. पेपर थांबवायला आजच माझ्या प्रोफेसरांना सांगते म्हटलं. मग विचारलं, "पण हिस्ट्रीत सापडेल हे तुला कसं माहीत?"

"गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर तू ग्राफ्स दाखवलेस ना, तेव्हाच मला डाउट आला होता. नंतर हिस्ट्री उघडून बघितली, मला ती अजून दिसते."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याच कॉलवर विचारायला लागले होते गं. तू म्हणालीस, मला शिकवू नकोस."

तो कॉल मला आठवला. मीच तो मध्येच कट केला होता.