इंटरकूलरवर फवारणी

आमची गाडी उत्तम चालत होती. तिच्यात कसलाही बिघाड नव्हता, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

मी बारामती एमआयडीसीत एका दूध प्लांटवर चिलिंगला आहे. गावोगावचं दूध येतं, मी ते चार डिग्रीवर आणतो. वीस वर्षं हेच करतोय. त्यामुळं कुठंही काही गरम दिसलं की माझे हात शिवशिवतात. (मी आयुष्यात गरम चहा प्यायलेलो नाही, असं बायको पाहुण्यांना सांगते.) अशा माणसानं टर्बोची गाडी घ्यायलाच नको होती. पण जुनी, एकाच मालकानं वापरलेली मिळाली, घेतली.

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनात हवा दाबून कोंबणारा पंखा. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंप हाताला चटका देतो ना, तसंच. तापलेली हवा विरळ होते आणि गाडीचा दम कमी होतो. म्हणून पुढच्या जाळीमागं इंटरकूलर असतो, एक छोटा रेडिएटरच म्हणा, तो ही हवा आत जायच्या आधी गार करतो. एवढ्यावर सगळं जग समाधानी आहे. मी मात्र इंजिनाचे आकडे वाचणारी एक डबी आणून गाडीला खुपसली, आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान मला मोबाइलवर दिसायला लागलं. चौसष्ट डिग्री! माझ्या टाकीतल्या दुधाचं असं झालं असतं तर मला मेमो मिळाला असता.

त्याच आठवड्यात आमच्या अश्विनीला नोकरीचं पत्र आलं. पोरगी नर्सिंग पास झालेली, तिला सोलापूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या बुधवारी दुपारी दोनच्या आत हजर व्हायचं, नाही आलीस तर यादीतली पुढची मुलगी घेणार, असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. भिगवणहून सकाळी साडेनऊची रेल्वे धरली तरच वेळेत पोचणार. घरात बॅगा भरणं, चिवडा करणं, हिच्या आईचं मधूनच डोळे पुसणं सुरू झालं. मी बॉनेट उघडून उभा राहिलो.

"आवं, पोरीशी बोला की जरा," बायको म्हणायची.

"बोलतोय की! आशे, आज बासष्ट आलं बघ!"

जायच्या आदल्या संध्याकाळी मला उपाय सुचला. इंटरकूलरवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा! पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, हे तर आमच्या धंद्यातलंच. पिंपळीला माझा थोरला भाऊ, तात्या, ऊस करतो. त्याच्या गोठ्यात फवारणीचा बॅटरी पंप कायम भिंतीला टेकून असतो. तात्या रानात होता. मी वहिनीला "सकाळी आणून देतो" म्हणालो आणि पंप उचलला. तो अर्धा भरलेला होता. पाणी जरा तपकिरी दिसलं, पण कॅनॉलचं पाणी तसंच असतं. वास येत होता, पण गोठ्यातल्या वस्तूला अत्तराचा वास कुठून येणार? घरी येऊन वर फिल्टरचं पाणी भरलं. (इंजिनाला कसं, शुद्ध पाणी बरं!)

बुधवारी सकाळी आईनं लेकीच्या हातावर दही ठेवलं. आशी देवाच्या, आईच्या पाया पडली आणि गाडीजवळ येऊन थबकली. मागच्या सीटवर पंप बसला होता. त्याला मी सीटबेल्ट लावला होता. त्याची नळी खिडकीतून बाहेर काढून, बॉनेटच्या कडेनं चिकटपट्टी लावत थेट जाळीत नेली होती.

"पप्पा, ह्ये काय?"

"तू त्येच्या शेजारी बस. मी 'चालू' म्हणलं की बटण दाबायचं."

"आन् माझी बॅग?"

"मांडीवर घे."

"पप्पा, साडेनवाची रेल्वे हाय."

"आगं, आज बघ गाडी कशी उडती!"

एमआयडीसी मागं पडली, भिगवणचा रस्ता लागला, आणि मी ऑर्डर सोडली, "चालू!" अठ्ठावन्न. पन्नास. चव्वेचाळीस! मी आनंदानं स्टेअरिंगवर थाप मारली, हॉर्न वाजला आणि पुढचा मोटारसायकलवाला दचकून साइडपट्टीवर उतरला. (चुकलं भाऊ.)

"बघितलंस का? चव्वेचाळीस!"

"पप्पा, वास कसला येतोय?"

"बाहेरनं. जनावरं असतील कुणाची तरी."

"चार किलोमीटर झालं. तीच जनावरं हायेत व्हय?"

तेवढ्यात पुढं भुसकटाची ट्रॉली आली. समोरून वाहनं एकामागोमाग एक, ओव्हरटेकला जागा मिळेना. पाच-सहा किलोमीटर आम्ही तिच्या मागं. वरून भुसकट उडतंय, खालून आमची फवारणी चालू! चव्वेचाळीसचे पन्नास झाले. मग साठ.

"पप्पा, वाढतंय."

"मग अजून मार!"

सत्तर.

"पप्पा, बंद करू का?"

"नर्स हायस ना तू? पेशंटचा ताप वाढला तर सलाइन बंद करतीस व्हय?"

"आधी बाटलीत काय हाय ते बघते!"

हे उत्तर मी तेव्हा ऐकायला हवं होतं. मी आकडा बघत होतो. अठ्ठ्याहत्तरला गाडीचा दम गेला. पाय दाबला तरी ती चालतच राहिली, पळेना. इंजिनाचा काटा लालमध्ये गेला, डॅशबोर्डवर कधी न पाहिलेला दिवा लागला. गाडी कडेला घेतली. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि भिगवण अजून आठ किलोमीटर होतं.

बॉनेट उघडलं, तर जाळीमागं इंटरकूलरच दिसेना! जाड तपकिरी थर, त्यात भुसकट रुतलेलं, आणि सगळं भाजून कडक. नखानं टोकरलं तरी निघेना. माश्या मात्र खूश होत्या. मी दोन जीपना हात केला. दोन्ही थांबल्या, दोघा ड्रायव्हरांनी वास घेतला आणि लगेच गिअर टाकला.

मग मागून एक मोटारसायकल भरधाव आली. तात्या! त्यानं सकाळी आमच्या घरी फोन केला होता आणि बायकोनं सगळं सांगून टाकलं होतं.

"दत्ता! माझा पंप कुठाय?"

"तात्या, पंपाचं राहू दे, हितं गाडी..."

"राहू दे कसा? जीवामृत हाय त्यात! सहा दिस मुरवलंय, दोनदा गाळलंय!"

शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात मुरवून करतात ते जीवामृत. पिकाला फार चांगलं. मी ते भिगवण रस्त्यानं टर्बोच्या गाडीला घातलं होतं.

तात्यानं जाळीत डोकावून बघितलं. टोपी मागं सरकवली. "शेण आन् भुसकट! आरं, लोकं घर सारवत्यात, तू गाडी सारवलीस! आता म्होरं रांगोळी काढ म्हंजी झालं."

मला हसू आलं नाही. आशी कडेला उभी होती, बॅग छातीशी धरून. पंपाची नळी गळत होती, तिच्या नव्या पांढऱ्या ड्रेसवर तपकिरी ठिपके पडले होते. रडेल असं वाटलं, पण तिनं सरळ माझ्याकडं बघितलं.

"पप्पा, पत्र आल्यापासनं रोज तुमी मला आकडा सांगितला. जा म्हणाला न्हाय, जाऊ नको बी म्हणाला न्हाय."

खरं सांगतो, मला भीती वाटत होती. एकच लेक. ती गेल्यावर संध्याकाळी प्लांटवरून घरी येऊन कुणाला हाक मारायची, हा विचार आला की मी गाडीकडं पळायचो. तिथं निदान किती वाढलं, किती उतरलं ते दिसत तरी होतं. त्या नादात तिची नोकरी घालवायची वेळ मी आणली होती.

"बोलायचं त्ये फोनवर बोला," तात्या म्हणाला. "बस मागं, पोरी. घट्ट धर." बॅग पुढं टाकीवर ठेवली आणि दोघं निघाले. मला नीट बाय करायचंही सुचलं नाही.

मी पंपाशेजारी बसून राहिलो. सव्वानऊ. नऊ वीस. साडेनऊ. फोन वाजेना. रेल्वे चुकली असेल, दवाखान्यातले दुसरी मुलगी घेतील, आयुष्यभर पोरगी म्हणेल, माझ्या बापानं गार हवेपायी माझं नुकसान केलं. आणि तिचं काही चुकणार नाही! पावणेदहाला फोन आला.

"बसले, पप्पा. सुटली गाडी. खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारच्या मावशी विचारत्यात, घरी किती गाई हायेत!"

मी डोळे पुसले. आता बोलायचंच, असं ठरवलं. पोरी, तुझ्याबिगर मला करमायचं न्हाय, एवढंच तर म्हणायचं होतं. घसा साफ केला, श्वास घेतला आणि तोंडातून निघालं, "डब्यात गरम होतंय का गं?"



"वारा येतोय खिडकीतनं," ती म्हणाली. "मला बी करमायचं न्हाय, पप्पा. आन् किती डिग्री हाय, ते विचारायचं न्हाय!"

"छे छे!" मी म्हणालो.

विचारणारच होतो.