सायलीच्या आईचं विरजण

परवा बी.एस्सी.च्या वर्गाला सूक्ष्मदर्शकातून दह्यातले जिवाणू दाखवले. दही लावतात ते हेच, हे सांगायच्या आत तास संपला.

सायलीने घरी जाऊन दह्यात जिवाणू असतात एवढंच सांगितलं आणि तिच्या आईने जंतू मरावेत म्हणून विरजणच उकळलं. माहेरून आणलेलं, इतकी वर्षं जपलेलं. मग दही लागेना. काल सायली रडवेली, आणि मला दिवसभर काही सुचेना.

आज सकाळी तिच्या आईचा फोन. "मॅडम, शेजारच्या काकीनी माझ्याकडूनच विरजण नेलतं. तितनं आणलं. लय घट्ट लागलंय दही."

हुश्श.

वर्गात सायली म्हणाली, "आमचे जिवाणू मेले नव्हतेच मॅडम, शेजारी नांदत होते."

तुमच्या घरचं विरजण सध्या कुणाकडे नांदतंय?