दादाची क्यू

फर्निचरला पॉलिश करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार ‘आरसा’ म्हणे. त्याच्या हाताखालून गेलेल्या टेबलात गिऱ्हाइकाला स्वतःचं नाक दिसायचं. नाक आवडलं नाही तर पैसे परत मागू नका, अशी दुकानदारांची थट्टा. बाप लवकर गेल्यावर थोरला भाऊ बस चालवू लागला आणि यालाही त्यानंच या धंद्याला लावलं. दादाला शौक एकच. सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये जाऊन पूल हा टेबलावरच्या चेंडूंचा खेळ खेळायचा. त्यासाठीची काठी, क्यू, त्याची स्वतःची होती. एका म्हाताऱ्या खेळाडूनं खेळ सोडताना त्याला दिलेली. तिला तो कुणाला हात लावू देत नसे. धाकट्यालाही नाही.

दादा छातीच्या दुखण्यानं गेला. काही महिन्यांनी वहिनी क्यू कापडात गुंडाळून घेऊन आली.

“भावजी, ही मोलाची आहे म्हणतात. कुणा जाणकाराला दाखवाल? विकायची नाही हो. नुसतं कळू दे, इतकी वर्षं काय जपत होते ते.”

ती गेल्यावर आरशानं कापड सोडलं आणि त्याला भरून आलं. वार्निश तडकलेलं, टोकाची चामड्याची टिकली उडालेली, मुठीवर काळाकुट्ट पट्टा. दादाची वस्तू या अवस्थेत परक्यापुढं न्यायची? तो कामाला बसला. पॉलिशपेपरनं जुना थर उतरवला, मूठ पार लाकडापर्यंत घासली आणि लाखेचे हात चढवत गेला. भावाच्या आजारपणात कामाच्या रगाड्यात त्याचं दोनदाच जाणं झालं होतं. ती सगळी कसर तो त्या काठीवर भरून काढत होता.

क्यू दुरुस्त करणाऱ्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. त्यानं काठी काचेवर गडगडवून पाहिली. सरळ होती. मग मुठीच्या वर बसवलेल्या काळ्या लाकडाच्या पाचरींवरून अंगठा फिरवला.

“टोकं बघा, एक वर, एक खाली. मशीनची असती तर सारखी आली असती. हातची आहे, आणि चांगलीच जुनी.”

आरशाचा चेहरा खुलला. दुरुस्तीवाला मात्र भिंग लावून बूड फिरवत राहिला. शेवटी त्यानं काठी नाकाशी नेली.

“पॉलिश कुणी केलं?”

“मीच.”

“काम नंबर एक आहे.” तो भिंग पुसू लागला. “पण इथं वार्निशखाली कारागिराची सही असायची, शाईची. ती नाही. आता ही कुणाच्या हातची, हे कुणीच सांगू शकणार नाही. होती तशी आणली असती, तर किंमत फार निराळी होती.”

“किती निराळी?”

“ते ऐकून आता काय करणार?”

बुडाशी तपकिरी डाग होता खरा. चहाचा असेल म्हणून आरशानं तो जास्तच मन लावून काढला होता.

नवी टिकली बसवून त्यानं क्यू वहिनीकडे नेली आणि घडलं ते काहीही न लपवता सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“सहीचं जाऊ द्या,” ती म्हणाली. तिचा हात मुठीवर काहीतरी चाचपत होता. “इथं काळं होतं ना?”

“घामाची घाण होती, वहिनी. काढून टाकली.”

“त्यांच्या हाताची होती.”

तिनं क्यू आरशाच्या मांडीवर ठेवली. “छान झालीय. तुम्हीच ठेवा,” म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पुढच्या सुट्टीला तो क्यू घेऊन हॉलमध्ये गेला. दादाचे जुने सोबती टेबलाभोवती होते. ती चकचकीत काठी हातोहात फिरली, कौतुक झालं. दादाच्या जोडीनं वर्षानुवर्षं खेळलेल्या एकानं तिच्यावर एक डावही मारला.

“झकास आहे. कुणाची?” त्यानं विचारलं.

आरशाला दादाचं नाव घेववेना. “राहू दे इथंच,” तो म्हणाला, “कुणीही खेळा.” आणि डाव संपायच्या आत घरी निघाला.